इनामगावचं स्वावलंबन

आजचा विषय साहस आणि स्वावलंबन. हे दोन शब्द ऐकले की हल्ली डोळ्यांपुढे अलास्का नाहीतर उत्तर कॅनडा येतो. ओंडक्यांचं घर, चहूकडे बर्फ, आणि कुणावाचून काही न अडणारा एकटा माणूस. आपण एवढं लांब जाणार नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, तिथपर्यंतच जाऊ.

घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडकडे जाते. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्री पाऊस अडवून घेतो, इकडे उरलासुरला येतो. अशा ठिकाणी इसवी सनपूर्व १६००च्या सुमारास माणसं वस्तीला आली आणि जवळजवळ नऊशे वर्षं टिकली. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८मध्ये प्रसिद्ध झाला.

या लोकांचं साहस कशात होतं? बेभरवशाच्या पावसावर शेती करण्यात. मुख्य पीक सातूचं, कारण त्याला पाणी कमी लागतं. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला, बांध घातला. गावात पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं घर असावं. आता पाट काही एकट्या माणसाने खोदला नसेल, आणि कोठारही एका कुटुंबापुरतं दिसत नाही. म्हणजे गाव स्वावलंबी होतं, घर नव्हे. आणि गावसुद्धा पुरतं नव्हेच. तांबं बाहेरून यायचं, शंख समुद्रावरून यायचा.

मग इसवी सनपूर्व १०००च्या सुमारास चित्र पालटलं. पाऊस कमी झाला, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली; शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त वाढली. माणसं अर्धी भटकी झाली.

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. रानात झोपडी, हातात शिकार, सोबत चार शेळ्या. आज ज्याला आपण स्वावलंबी आयुष्य म्हणून वाखाणतो, ते हेच ना? पण याच काळातल्या लहान मुलांच्या हाडांचा अभ्यास झाला आहे. त्यांची वाढ खुंटलेली, अंग खालावलेलं दिसतं. सामाईक व्यवस्था ढिली झाली तेव्हा प्रत्येक झोपडी अधिक स्वतंत्र झाली आणि अधिक उपाशीही. हे स्वातंत्र्य त्यांनी निवडलेलं नव्हतं, ते त्यांच्या वाट्याला आलं होतं. आणि इसवी सनपूर्व ७००च्या सुमारास वस्ती उठलीच.

अलास्कात घर बांधायला निघालेल्या माणसाकडे कुऱ्हाड, काडतुसं, मीठ, पीठ असतं. ते कुणीतरी दुसऱ्याने केलेलं असतं. त्याचं धाडस खोटं आहे, असं आम्ही म्हणत नाही. पण त्याला परतीची वाट असते. इनामगावच्या त्या आईला ती नव्हती. दोन्हींना एकच शब्द लावला, तर आपण गरजेलाच सद्गुण म्हणायला लागतो.

आपल्याच भागातले मेंढपाळ धनगर बघा. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात, महिनोन्‌महिने उघड्यावर राहतात. त्यांच्याइतकं कणखर कोण? पण तेसुद्धा शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना धान्य किंवा पैसे. ही देवाणघेवाण मोडली तर कणखरपणा फार दिवस पुरत नाही.

तेव्हा कुणी आपल्याला 'स्वतःच्या पायावर उभे राहा' असं सांगितलं, तर एक प्रश्न जरूर विचारावा: पाट कुणी खोदायचा? तीन हजार वर्षांपूर्वी घोडेकाठी त्याचं उत्तर माहीत होतं, तोवर गाव नांदलं.