निद्रा श्वसनरोध आणि रक्तातील मेद

निद्रा श्वसनरोध अर्थात स्लीप ॲप्निया हा झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार आहे. त्याच्या अवरोधी प्रकारात घशाचे स्नायू सैल पडून श्वसनमार्ग अंशतः किंवा पूर्णतः बंद होतो व रक्तातील ऑक्सिजन घटतो. ही घट रात्रभर पुनःपुन्हा होत राहिल्यास रक्तातील मेद वाढतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. माणसांमध्येही हा संबंध दिसतो. मात्र त्यातील लठ्ठपणाचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

स्वरूप

श्वास किमान १० सेकंद थांबल्यास त्यास श्वसनरोध म्हणतात. झोपेच्या दर तासाला असे पाच किंवा अधिक प्रसंग घडणे विकाराचे लक्षण मानले जाते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. अशा ठिकाणी निरोगी व्यक्तीच्या रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता सहसा ९५ टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे येथील रुग्णाची रात्रीची घट विरळ हवेमुळे नव्हे, तर श्वसनमार्ग मिटल्यामुळे होते. उंच पर्वतावर ऑक्सिजनची कमतरता सलग असते, तर श्वसनरोधात ऑक्सिजन घटतो, रुग्ण क्षणभर जागा होतो, पातळी पूर्ववत होते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

कार्यपद्धती

या चढउतारांचा मेदाच्या चयापचयावर तीन मार्गांनी परिणाम होतो. पहिल्या मार्गात अनुकंपी चेतासंस्था उत्तेजित होऊन मेदऊतीतील मेदाम्ले रक्तात उतरतात व यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड तयार करते. दुसऱ्या मार्गात यकृतातील मेदनिर्मितीस चालना देणारी प्रथिने अधिक सक्रिय होतात. तिसऱ्या मार्गात रक्तातील ट्रायग्लिसराइडचे विघटन करणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराचे कार्य मंदावते. अशा प्रकारे मेदाची निर्मिती वाढते आणि निचरा घटतो. हे निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले आहेत.

महाराष्ट्रातील पाहणी

झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनदोष, तर ७.५ टक्क्यांमध्ये दिवसा येणाऱ्या झोपेसह श्वसनरोध होता. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीतील मेदविषयक निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७२.३ टक्के व्यक्तींमध्ये एचडीएल कोलेस्टेरॉल कमी, तर २९.५ टक्क्यांमध्ये ट्रायग्लिसराइड अधिक आढळले. या दोन्ही पाहण्या स्वतंत्र असल्याने त्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तथापि दोन्ही विकार या प्रदेशात व्यापक असल्याचे स्पष्ट होते.

उपचार

मुखवट्यातून सतत हवेचा दाब देऊन श्वसनमार्ग खुला ठेवणारी सीपॅप पद्धती ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली. ऑस्ट्रेलियातच झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन महिन्यांच्या सीपॅप उपचारानंतर जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड घटल्याचे आढळले. कोलेस्टेरॉलवरील परिणाम मात्र निरनिराळ्या चाचण्यांत कमीअधिक आढळला आहे. त्यामुळे सीपॅप हा आहारनियंत्रण, वजन घटवणे किंवा स्टॅटिन औषधे यांना पर्याय मानला जात नाही. तसेच रक्तातील मेदाच्या तपासणीवरून श्वसनरोधाचे निदान होत नाही. त्यासाठी झोपेतील श्वास व ऑक्सिजन यांची नोंद घेणारी निद्राचाचणी करावी लागते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे व दिवसा अनावर झोप येणे ही या चाचणीकडे निर्देश करणारी प्रमुख लक्षणे होत.