असईचा सेनापती आणि लंडनचा पंतप्रधान

आपल्याकडे राजकारणावरची चर्चा रंगात आली, की कोणीतरी हमखास म्हणते, "पाच वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होईल." या उद्गाराच्या मुळाशी दोन गृहीतके असतात. सैनिकाने प्राण पणाला लावलेले असतात, म्हणून त्याची देशनिष्ठा संशयातीत, हे पहिले. त्याला निर्णय घेण्याची आणि हुकूम देण्याची सवय असते, म्हणून तो राज्यही नीट चालवील, हे दुसरे. पहिल्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. दुसरे मात्र इतिहासात तपासून पाहता येते, आणि त्यासाठी ज्याची कारकीर्द आपल्याच मातीवर आकाराला आली असा एक माणूस उपलब्ध आहे. तो म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

वसईच्या तहानंतर, १८०३ च्या मे महिन्यात, दुसऱ्या बाजीरावाला पुण्याच्या गादीवर पुन्हा बसवले गेले ते वेलस्लीच्या फौजेच्या बळावर. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या असई येथे शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त सैन्याशी त्याची गाठ पडली. मराठ्यांचे सैन्य त्याच्या कैक पटींनी मोठे होते, तोफखाना उत्तम होता आणि मध्ये केळणा नदी होती. आसपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने स्वतः पुढे जाऊन दुर्बीण लावली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याला दिसली. इतक्या जवळच्या गावांत येण्याजाण्याची वाट नसेल हे संभवत नाही, असा त्याने तर्क केला आणि फौज तिकडे वळवली. उतार होता. लढाई त्याने जिंकली, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. रणांगणावरची आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, असे सांगतात.

दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि एकदा ठरले की मागे पाहायचे नाही, ही त्याची सवय लक्षात ठेवावी. पुढे तिचे काय झाले, हाच या लेखाचा विषय आहे.

वेलिंग्टनला निव्वळ शिपाईगडी समजणे मात्र चुकीचे ठरेल. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो आयर्लंडच्या संसदेत बसला होता. देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे भोसले व शिंदे यांच्याशी झालेल्या तहांच्या वाटाघाटी त्यानेच केल्या. १८०७ पासून दोन वर्षे तो आयर्लंडच्या कारभाराचा मुख्य सचिव होता आणि १८१८ च्या अखेरीस ब्रिटिश मंत्रिमंडळात आला. तेव्हा जानेवारी १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला, तो थेट छावणीतून उठून नव्हे. आपल्या पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीबद्दल, 'मी त्यांना हुकूम दिले आणि ते चर्चा करत बसले', अशा अर्थाची तक्रार त्याने केली अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती टिकली याचे कारण ती त्याला शोभणारी होती.

पहिल्याच वर्षी त्याच्यासमोर आयर्लंडचा प्रश्न उभा राहिला. कॅथलिकांना संसदेत बसण्याची मनाई होती. जुलै १८२८ मध्ये क्लेअरच्या पोटनिवडणुकीत डॅनिएल ओकॉनेल हा कॅथलिक पुढारी निवडून आला. त्याला बसू द्यावे तर कायदा मोडतो. न द्यावे तर आयर्लंड पेटते. वेलिंग्टन आणि त्याचा पक्ष आजवर कॅथलिकांना सवलती देण्याच्या विरोधात होते आणि राजा चौथा जॉर्ज तर हटूनच बसला होता. तरीही वेलिंग्टनने माघारीचा निर्णय घेतला. लॉर्ड्सच्या सभागृहात त्याने जे सांगितले त्याचा आशय असा, की माझे आयुष्य बहुतांशी युद्धात गेले आहे आणि यादवीचा एक महिना जरी टाळता आला, तरी त्यासाठी मी प्राण देईन. एप्रिल १८२९ मध्ये कायदा संमत झाला. येथे सैनिकी अनुभव निःसंशय कामी आला. युद्ध म्हणजे काय हे ठाऊक असलेला माणूस ते इतक्या सहजी ओढवून घेत नाही. शिवाय आयर्लंड ही त्याची जन्मभूमी. ती भूमी त्याने स्वतः पाहिली होती.

पण याच यशात पुढच्या अपयशाचे बीज होते. १८१० मध्ये पोर्तुगालात तो टोरेस व्हेद्रासच्या तटबंदीमागे हटला, तेव्हा सैनिक कुरकुरले असतील, पण त्याच्यामागून गेले. १८२९ च्या माघारीत पक्षातले कडवे टोरी मागून आले नाहीत. त्यांना विश्वासात घेण्याची गरज त्याला फारशी वाटली नव्हती आणि त्यांच्या लेखी हा सरळ विश्वासघात होता. त्यांपैकी लॉर्ड विंचिल्सीने असे जाहीर आरोप केले, की मार्च १८२९ मध्ये देशाच्या पंतप्रधानाने त्याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व केले! सुदैवाने कोणीच जखमी झाले नाही.

मग १८३० साल उजाडले. पॅरिसमध्ये क्रांती झाली, दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांचे दंगे उसळले आणि मतदारसंघांच्या फेररचनेची मागणी जोर धरू लागली. ओल्ड सेरम या जवळजवळ ओसाड जागेला दोन प्रतिनिधी होते. लाखाहून अधिक वस्तीच्या मँचेस्टरला एकही नव्हता. २ नोव्हेंबरला वेलिंग्टनने लॉर्ड्समध्ये जाहीर केले, की सध्याच्या प्रतिनिधित्वाच्या पद्धतीवर देशाचा पूर्ण विश्वास आहे आणि आपण सत्तेत असेपर्यंत सुधारणेला विरोधच करू. तडजोडीची दारे त्याने स्वतःच बंद केली. १५ नोव्हेंबरला राजघराण्याच्या खर्चाच्या प्रश्नावर सरकार २३३ विरुद्ध २०४ मतांनी हरले. विरोधात मत देणाऱ्यांत ते दुखावलेले कडवे टोरीही होते. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला.

असईला वाटाड्यांचे न ऐकणारा आणि १८३० मध्ये देशाचे न ऐकणारा माणूस एकच होता. फरक इतकाच, की असईला त्याने दुर्बीण लावली होती. मँचेस्टरच्या मध्यमवर्गाचा प्रदेश त्याने तशा नजरेने कधी न्याहाळलाच नाही. स्वतःच्या नजरेवरचा विश्वास हा गुण खरा, पण ती नजर त्या दिशेला वळली असेल तरच.

१८३१ मध्ये जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या. मे १८३२ मध्ये सरकार बनवण्याचा प्रयत्न फसल्यावर त्याने विरोध आवरता घेतला आणि सुधारणा कायदा संमत होऊ दिला. तो कायदा आणणारा पंतप्रधान अर्ल ग्रे हा मुलकी राजकारणात मुरलेला माणूस होता. पुढे १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द करताना वेलिंग्टनने मनाविरुद्ध, पण लॉर्ड्समधल्या एकेकाला समजावत, पक्षाचे काम केले. समजावणे तो शिकला, पण तोवर त्याचे पंतप्रधानपद केव्हाच सरले होते.

अमेरिकेतही हेच दिसते. यादवी युद्ध जिंकणाऱ्या ग्रँटची अध्यक्षीय कारकीर्द सहकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराने काळवंडली. आयझेनहॉवरची उजवी ठरली, पण दोस्त राष्ट्रांच्या मानी सेनानींना सांभाळून घेण्याचे त्याचे युद्धकाळातले काम मुळातच निम्मे राजकारण होते.

म्हणून मला वाटते, 'लष्करात होता का?' हा प्रश्नच अपुरा आहे. तेथे तो काय शिकला, हे विचारायला हवे. युद्धाची किंमत आणि वेळीच घेतलेल्या माघारीचे मोल शिकला असेल, तर ते राज्यकारभारात सोन्याचे आहे. हुकूम देताच पाळला जातो, एवढेच शिकला असेल, तर संसदेत त्याची गत वाईट होईल. आणि संसदच नसेल, तर ती आपली होईल.