अकरा विजय, दोन पराभव

बेसा येथे राहून सांगोल्याच्या आमदारावर कशाला लिहिता, असे मला एका स्नेह्याने विचारले. प्रश्न रास्त आहे. सांगोला सोलापूर जिल्ह्यात. आमच्यापासून जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राच्या रुंदीइतके दूर. पण १९५३च्या नागपूर कराराचे फळ म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते आणि गावोगावचे आमदार इथे येतात. त्यांच्यातले बहुतेक आम्हाला मोर्चा आणि वाहतूककोंडी एवढ्यापुरतेच आठवतात. गणपतराव देशमुख मात्र एका गोष्टीमुळे इथेही ठाऊक होते : अकरा वेळा निवडून आलेला, एसटीने फिरणारा आमदार.

ही गोष्ट खरी आहे. तरी तिनेच या माणसाचे राजकारण झाकून टाकले, असे मला वाटू लागले आहे.

आधी आकडे नीट लावून घेऊ, कारण ‘सलग अकरा वेळा’ आणि ‘देशात सर्वाधिक’ ही दोन्ही वाक्ये छापून येतात आणि दोन्ही चूक आहेत. गणपतराव जिंकले ते १९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ या साली. मधे १९७२ आणि १९९५ असे दोन पराभव आहेत. तामिळनाडूचे करुणानिधी मतदारसंघ बदलत तेरा वेळा विधानसभेत गेले, केरळचे के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा. तेव्हा गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्रापुरता. त्याने त्यांची उंची कमी होत नाही, पण विक्रमाच्या टेकूवर ती उभीही करू नये.

माझ्या मते खरे मोल आहे ते दुसऱ्याच एका आकड्यात. १९६२ साली ते पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा शेतकरी कामगार पक्षाचे पंधरा आमदार होते. १९७२ला सात उरले. २०१४ला तीन. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा हा मुलगा पुण्यात शिकताना शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्या विचारांनी भारला गेला, वकील झाला आणि सांगोल्यात येऊन राहिला. १९५०च्या दाभाडी प्रबंधाने मार्क्सवादाची वाट धरलेला हा पक्ष. त्यातले कितीतरी जण पुढे काँग्रेसमध्ये गेले. जेधे आणि मोरेसुद्धा. गणपतराव गेले नाहीत. पक्ष आटत गेला आणि ते तिथेच राहिले.

आटत्या पक्षाच्या आमदाराने करायचे काय? सभागृहात वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. दोन-तीन जणांच्या गटाला मोठ्या चर्चेत शेवटची काही मिनिटे. म्हणून अशा सदस्याची हत्यारे वेगळी असतात : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरच्या कपात सूचना. यांतून सरकार पडत नाही. पण मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते कार्यवृत्तात छापले जाते आणि पुढच्या अधिवेशनात तेच उत्तर त्याच्यापुढे धरता येते. हे काम नियम पाठ असणाऱ्याचे आणि कंटाळा न येणाऱ्याचे. एकच प्रश्न वीस वर्षे विचारायचा तर वीस वर्षे निवडून यावे लागते, हाही त्यातला भाग.

तो एक प्रश्न पाण्याचा होता. सांगोला हा माणदेशाचा दुष्काळी पट्टा, माण नदी बहुतेक वर्ष कोरडी. कृष्णा पाणी लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. पण नदी खाली आणि दुष्काळी तालुके वर. पाणी उचलून आणायचे म्हणजे पंप, वीज आणि पैसा. १९९३पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव तिच्या आघाडीच्या नेत्यांपैकी. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचा तगादा त्या मांडवातून विधानसभेत जाई आणि विधानसभेतले उत्तर पुन्हा त्या मांडवात येई. आमदार आणि आंदोलक अशा दोन भूमिका त्यांनी वेगळ्या ठेवल्याच नाहीत.

दुसरे काम सूतगिरणीचे. आम्ही कापसाच्या प्रदेशातले. १८७७ साली टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आमच्या डोळ्यांदेखत बंद पडली. सांगोला काही कापसाचा तालुका नव्हे. तिथे शेतकऱ्यांची सहकारी गिरणी उभी राहते आणि चालते, हे वैदर्भीय माणसाला थोडे टोचतेच.

मंत्रिपद त्यांना दोनदा मिळाले : १९७८च्या पुलोद सरकारात आणि १९९९नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. दोन्ही वेळा आघाडीच्या गणिताने दिले आणि त्याच गणिताने गेले. त्यावर फार थांबण्यासारखे नाही.

१९९५च्या पराभवावर मात्र थांबावे. शहाजीबापू पाटील यांनी त्यांना १९२ मतांनी हरवले. तेव्हा गणपतराव सत्तरीला टेकलेले. निरोप घ्यायला याहून सोयीची वेळ नव्हती. ते १९९९ला पुन्हा उभे राहिले आणि त्यानंतर आणखी तीनदा जिंकले. यावरून दिसते ते असे की सांगोल्याने त्यांना देवघरात बसवले नव्हते. मतदार त्यांना तपासून घेत होता. एसटीतल्या साध्या माणसाच्या गोष्टीत हा तपासणारा मतदार कुठेच नसतो.

एक प्रश्न मला अजून सतावतो. इतकी वर्षे एकाच माणसाभोवती पक्ष उभा राहिला की दुसरी फळी कुठून येणार? २०१९ला त्यांनी थांबायचे ठरवले तेव्हा उमेदवारी नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे गेली. शहाजीबापूच समोर होते आणि नातू ७६८ मतांनी हरला. ३० जुलै २०२१ला सोलापुरात गणपतराव गेले. २०२४ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापचेच उमेदवार म्हणून त्याच शहाजीबापूंना हरवून विधानसभेत आले.