जी गोष्ट सांगायची नव्हती

'सेरेनिटी' या विज्ञानपटात एक लहानसा प्रसंग आहे. धर्मोपदेशक बुक यानाचा कप्तान मॅल्कम रेनल्ड्सला म्हणतो, की मी काही जन्मापासून धर्मोपदेशक नव्हतो, आणि रेनल्ड्स म्हणतो, की ती हकीकत कधीतरी मला सांगावी लागेल. बुक शांतपणे उत्तर देतो, की नाही, सांगावी लागणार नाही. त्याच चित्रपटात पुढे बुक मरतो. हा चित्रपट २००५ सालचा. नोव्हेंबर २०१० मध्ये डार्क हॉर्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने 'द शेफर्ड्स टेल' नावाच्या कॉमिकमध्ये ती न सांगितलेली हकीकत बालपणापासून छापली. चाहत्यांची त्यावर दोन मतं झाली. अनुवादाच्या कामात असल्यामुळे हा वाद मला परका वाटला नाही.

मूळ मालिकेचं नाव 'फायरफ्लाय'. जॉस व्हीडनने निर्माण केलेली ही मालिका २० सप्टेंबर २००२ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. सव्वीसाव्या शतकातली गोष्ट. ग्रहांना एका छत्राखाली आणणारी 'अलायन्स' आणि स्वतंत्र राहू पाहणारे ग्रह यांच्यातलं युद्ध संपलं आहे आणि हरलेल्या बाजूचा एक सैनिक जुन्या मालवाहू यानातून बरीवाईट कामं करत पोट भरतो आहे. यानात नऊ माणसं. चौदा भाग तयार झाले, त्यातले अकराच त्या वेळी दाखवले गेले आणि तेही उलटसुलट क्रमाने. ओळख करून देणारा पहिला भाग डिसेंबरात सर्वांत शेवटी लागला. तोवर मालिका बंद करण्याचा निर्णय झालेला होता.

चाहत्यांनी पत्रं पाठवली, वर्गणी काढून 'व्हरायटी' या व्यवसायपत्रात जाहिरात दिली, दुसऱ्या वाहिनीला पोस्टकार्डं धाडली. उपयोग झाला नाही. कथेत हरलेल्या सैनिकांना त्यांच्या पेहरावावरून 'ब्राउनकोट्स' म्हणतात. चाहत्यांनी तेच नाव स्वतःला घेतलं. पुढे डिसेंबर २००३ मध्ये डीव्हीडी निघाली, ती चांगली खपली, आणि युनिव्हर्सलने चित्रपट करायला घेतला.

चित्रपटाच्या आधी, जुलै ते सप्टेंबर २००५ या काळात, 'दोज लेफ्ट बिहाइंड' हे तीन अंकांचं कॉमिक आलं. कथा व्हीडन आणि ब्रेट मॅथ्यूज यांची, चित्रं विल कॉनराडची, आणि नऊ पात्रांसाठी नऊ वेगवेगळी मुखपृष्ठं. मालिका जिथे तुटली आणि चित्रपट जिथे सुरू होतो, त्यांच्यामधला पूल बांधणं हे त्याचं काम. इनारा आणि बुक यान सोडून का गेले, हे त्यात कळतं. पहिल्या भागात डोळ्यात गोळी लागलेला सरकारी एजंट डॉब्सन त्यात जिवंत परत येतो, यावर काहींनी भुवया उंचावल्या. चेहरे नटांसारखे उतरलेत की नाहीत, यावरही चर्चा झाली. पण कॉमिक असावं की नसावं, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. ते भोक वाहिनीने पाडलेलं होतं. ते कुणीतरी बुजवणार, तर मूळ लेखकानेच बुजवलेलं बरं, अशी भावना होती.

पुढचं दुःख वेगळ्या जातीचं. चित्रपटात वैमानिक वॉशही मरतो, एका क्षणात, निरोप न घेता. हा मृत्यू कुणा वाहिनीने लादलेला नव्हता, तो व्हीडननेच लिहिला होता. कित्येक चाहत्यांनी त्याला त्याबद्दल आजवर माफ केलेलं नाही. जून २०१० मध्ये विनोदी नट पॅटन ऑस्वॉल्टने लिहिलेलं 'फ्लोट आउट' आलं. वॉशचे जुने मित्र नव्या यानाला त्याच्या आठवणीचं नाव देतात, त्याचे किस्से सांगतात, आणि शेवटी त्याची बायको झोई गरोदर असल्याचं कळतं. २०१४ च्या 'लीव्हज ऑन द विंड'मध्ये तिला मुलगी होते. मेलेला माणूस परत आला नाही, पण मागे काही उरलं. इथे कॉमिकने मृत्यू खोटा ठरवला नाही, सुतक पाळायला जागा दिली. चाहत्यांनीही ते तसंच स्वीकारलं.

बुकचं प्रकरण या दोन्हींत बसत नाही. मालिकेत त्याच्याभोवतीचं गूढ जाणूनबुजून विणलेलं होतं. 'सेफ' या भागात तो जखमी होतो. अलायन्सचा अधिकारी आधी मदत नाकारतो, मग बुकचं ओळखपत्र पाहतो आणि सूर बदलतो. का, ते कुणी सांगत नाही. या धर्मोपदेशकाला बंदुका कळतात, गुन्हेगारांच्या रीती कळतात. प्रेक्षकांनी आठ वर्षं तर्क केले, आणि त्या तर्कांवर मैत्र्या जमल्या.

जॉस आणि झॅक व्हीडन यांच्या नावावरच्या आणि ख्रिस सॅम्नीने चित्रित केलेल्या या जेमतेम साठेक पानांच्या पुस्तकाने उत्तर दिलं. ते शेवटाकडून सुरुवातीकडे जातं. मृत्यूपासून निघून यान, मठ, सैन्य असं करत मार खाणाऱ्या एका पोरापर्यंत. त्या पोराचं नाव हेन्री इव्हान्स. डेरियल बुक हे नाव त्याने ज्याला मारलं त्याचं. स्वतंत्रवाद्यांचा हेर म्हणून तो अलायन्सच्या सैन्यात शिरला होता, वर चढला होता आणि त्याने त्या सैन्याचा भीषण पराभव घडवून आणला होता. पुढे फेकून दिल्यावर, गोरगरिबांच्या आसऱ्यात मिळालेल्या सुपाच्या वाटीकडे पाहताना त्याला देव सापडला.

ज्यांना हे आवडलं त्यांचं म्हणणं होतं, की उलटा क्रम योग्यच आहे. प्रत्येक पान आधीच्या पानाचं कारण सांगतं, आणि पापाच्या ढिगाखालून शेवटी एक मूल निघतं. ज्यांना आवडलं नाही त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक, एवढं आयुष्य एवढ्या थोड्या पानांत मावत नाही. दुसरी जास्त खोल होती. बुक स्वतः 'सांगणार नाही' म्हणाला होता. मग त्याच्या मागे ते सांगण्याचा अधिकार लेखकाला तरी आहे का?

मी दुसऱ्या बाजूला झुकतो, आणि त्याचं कारण माझ्याच एका चुकीत आहे. एका कादंबरीचा अनुवाद करताना मी एका म्हाताऱ्याच्या तोंडी अर्धं वाक्य जास्तीचं घातलं. तो गाव सोडून का आला, ते मूळ पुस्तकात नव्हतं. मला वाटलं, मराठी वाचक अडेल. लेखिकेला मराठी वाचता येत होतं. त्यांनी त्या ओळीपाशी पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "हे तुम्हाला त्यानं सांगितलं का?" मी ओळ काढली.

याच मालिकेत पात्रं शिव्या देतात त्या चिनी भाषेत, आणि खाली अनुवाद येत नाही. चाहत्यांनी त्याच्या शब्दसूच्या बनवल्या. उच्चार सदोष आहेत आणि चिनीमिश्रित जगाच्या या यानावर एकही चिनी वंशाचा माणूस नाही, हेही मग दाखवून दिलं गेलं. म्हणजे रिकामी जागा नेहमीच पवित्र असते असं नाही. कधी ती अर्थपूर्ण असते, कधी ती नुसती हेळसांड असते. कुठली कुठली, हे ओळखणं हेच पुढे लिहिणाऱ्याचं आणि अनुवादकाचं खरं काम.

आपल्याकडे या कामाला जुना शब्द आहे. 'हरिवंश' हे महाभारताचं 'खिल' मानलं जातं. खिल म्हणजे मागून जोडलेला भाग, पुरवणी. जोडही मान्य आणि सांधाही दिसता ठेवलेला, ही सोय मला शहाणपणाची वाटते. 'द शेफर्ड्स टेल' बुकचं खिल म्हणून वाचलं तर त्याच्यावरचा राग कमी होतो.

तरी एक गोष्ट परत मिळत नाही. बुकची भूमिका करणारे रॉन ग्लास २०१६ मध्ये गेले. परवा 'सेफ' पुन्हा पाहिला. अधिकारी ओळखपत्र हातात घेतो आणि त्याचा चेहरा बदलतो. पूर्वी त्या क्षणी मी खुर्चीत पुढे सरकायचो. या वेळी मला उत्तर ठाऊक होतं. मी स्ट्रेचरवर पडलेल्या ग्लास यांच्या चेहऱ्याकडेच बघत राहिलो. तो चेहरा अजूनही काही सांगत नव्हता.