मंडाले: कोटाच्या आत आणि बाहेर

मंडाले हे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते शाळेत, इतिहासाच्या तासाला, आणि तेही एका तुरुंगाचे नाव म्हणून. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना मंडालेस नेण्यात आले आणि तेथे त्यांनी गीतारहस्य लिहिले, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या तुरुंगाभोवती गाव कसे होते, ते कोणी वसविले, तेथे पाहण्याजोगे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः मंडाले ही ब्रह्मदेशाच्या स्वतंत्र राजांची शेवटची राजधानी. लोकमान्यांची कोठडी होती ती राजवाड्याच्याच तटबंदीच्या आत. आणि त्या वाड्याचा धनी त्या वेळी कोठे होता? तो होता रत्नागिरीस, लोकमान्यांच्या जन्मगावी!

राजधानी म्हटली की फार जुने नगर डोळ्यांसमोर उभे राहते. मंडाले तसे नाही. टिळकांचा जन्म १८५६ सालचा आणि मंडालेचा पाया घातला गेला १८५७ साली; म्हणजे कैदी गावापेक्षा एका वर्षाने वडील. १८५२ च्या युद्धात दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांच्या घशात गेला होता. पुढच्याच वर्षी गादीवर आलेला मिंडोन हा राजा शांत, धर्मनिष्ठ आणि दूरदृष्टीचा होता. बुद्धाने या टेकडीवर उभे राहून, आपल्या निर्वाणानंतर २४०० वर्षांनी हिच्या पायथ्याशी एक थोर नगर वसेल, असे भविष्य सांगितले होते, अशी आख्यायिका आहे. मिंडोनने ती मनावर घेतली. अमरपुरा ही जुनी राजधानी दक्षिणेस थोड्याच अंतरावर होती. तिच्यातील सागवानी वाडे उकलून, हत्तींवर लादून नव्या जागी आणले आणि पुन्हा उभे केले. ब्रह्मदेशात राजधानी हलविणे म्हणजे बिऱ्हाड हलविण्यासारखेच असे. अमरपुऱ्यास तलावावर सव्वा किलोमीटर लांबीचा जो प्रसिद्ध लाकडी पूल आहे, तोही आवा या त्याहून जुन्या राजधानीच्या उकललेल्या सागवानातून उभा राहिला.

नगर पाहावयाचे तर प्रथम टेकडी चढावी. सुमारे २४० मीटर उंचीच्या या टेकडीवर छताखालून पायऱ्या गेल्या आहेत आणि त्या अनवाणी चढावयाच्या असतात. वाटेत बुद्धाची एक उभी मूर्ती लागते. तिचा हात पुढे झालेला असून बोट खाली नगराकडे आहे. माथ्यावरून पश्चिमेस ऐरावतीचे रुंद पात्र, पूर्वेस शान प्रदेशाचे निळसर डोंगर, आणि दक्षिणेस, अगदी पायांशी, पट्टीने आखल्यासारखा एक चौकोन दिसतो. हाच मंडालेचा कोट. प्रत्येक बाजू सुमारे दोन किलोमीटर लांब. विटांचा तट सात मीटरांच्या आसपास उंच. प्रत्येक दिशेस तीन असे बारा दरवाजे. आणि सभोवार ६० मीटरांहून अधिक रुंदीचा खंदक. तटावर ठिकठिकाणी उतरत्या छपरांचे लाकडी मनोरे आहेत आणि त्यांची प्रतिबिंबे खंदकाच्या पाण्यात पडतात. किल्ला म्हटला की मराठी मनाला कडे, बुरूज आणि चोरवाटा आठवतात. हा कोट सपाट मैदानात आहे. तो लढण्यासाठी बांधला की विश्वाची आकृती जमिनीवर काढून दाखविण्यासाठी, असा प्रश्न पडावा. त्याच्या अगदी मध्यभागी राजवाडा आणि वाड्यात सिंहासनावर सात मजल्यांचा निमुळता मनोरा होता. हा मनोरा जगाचा मध्यबिंदू आहे, अशी प्रजेची श्रद्धा होती.

हा मध्यबिंदू २८ वर्षे टिकला. मिंडोन १८७८ साली वारला आणि त्याचा मुलगा थिबा गादीवर बसला. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टच्या आगबोटी ऐरावतीतून वर आल्या, तेव्हा म्हणण्यासारखी लढाई झालीच नाही. थिबा त्या वेळी २६ वर्षांचा होता. २९ नोव्हेंबरला तो आणि राणी सुपयालत यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेण्यात आले. रस्त्याच्या दुतर्फा माणसे रडत उभी होती. तेथून रंगून, मग मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. निवडलेले गाव सोयीचे होते. एका बाजूस समुद्र, दुसरीकडे सह्याद्री, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात बंदर बंद. कोरड्या, धुळीच्या प्रदेशातील हा राजा जांभ्या दगडाच्या मुलखात, चार महिने कोसळणाऱ्या पावसात येऊन पडला. त्याचा पुढचा सगळा काळ, ३० वर्षांहून अधिक, तेथेच गेला. मंडाले राजधानी म्हणून जितकी वर्षे नांदले, त्याहून अधिक वर्षे तिचा शेवटचा राजा रत्नागिरीकर होता.

इकडे कोटाला ‘डफरिन किल्ला’ असे नवे नाव मिळाले. राजवाड्याच्या काही दालनांत गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब थाटला गेला आणि एका दालनात ख्रिस्ती उपासना होऊ लागली. जेथे सरदारांनी गुडघे टेकून बसावयाचे, तेथे पेले किणकिणू लागले. १९०१ साली लॉर्ड कर्झन मंडालेस आला तेव्हा त्याला हा प्रकार शोभला नाही. त्याने क्लब हलविण्यास सांगितले आणि वाडा जतन करविला. वंगभंग करणाऱ्या कर्झनच्या नावावर एवढे एक सत्कृत्य नोंदविणे न्यायाचे होईल.

कोटातच तुरुंगही होता. १९०७ साली लाला लजपतराय यांना काही महिने मंडालेस हद्दपार करून ठेवले होते. पुढच्या वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, मुंबईस टिळकांना शिक्षा झाली आणि सप्टेंबरात ते येथे पोहोचले. वय ५२, अंगी मधुमेह. मंडालेचा तुरुंग दगडविटांचा नव्हता. लाकडी खांब ओळीने रोवून केलेल्या भिंती होत्या. त्यांच्या फटींतून उन्हाळ्यात तापलेली धूळ येई, पावसाळ्यात सरी येत आणि हिवाळ्यात बोचरे वारे. पुढे १९२५ मध्ये सुभाषचंद्र बोस त्याच तुरुंगात आले. अशा जागी, कोणाच्याही सोबतीविना, लोकमान्यांनी सहा वर्षे कशी काढली असतील, याचे त्यांना विलक्षण आश्चर्य वाटले. तसे पत्र त्यांनी तेथून न. चिं. केळकरांना लिहिले आहे.

लोकमान्यांना ग्रंथ मिळत, परंतु शाई मिळत नसे. पाने मोजून, आकडे घालून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढ्या सामग्रीवर १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत गीतारहस्याचा खर्डा पुरा झाला. राजधानीतील प्रेक्षणीय असे त्यांना काय पाहावयास मिळाले असेल? जवळपास काहीच नाही. टेकडीच्या पायथ्याशी, कोटाच्या जरा बाहेर, मिंडोनने उभारलेले कुथोडॉ देवालय आहे. तेथे संपूर्ण पाली त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर दोन्ही बाजूंनी कोरले आहे आणि प्रत्येक शिलेवर स्वतंत्र पांढरी घुमटी आहे. हे काम १८६८ साली पुरे झाले. जगातील सर्वांत मोठा ग्रंथ तो हाच, असे म्हणतात. तटाच्या आत बसून एक मराठी पंडित गीता आणि बौद्ध ग्रंथ यांच्या संबंधाचा विचार करीत होता, जो पुढे गीतारहस्याच्या परिशिष्टात आला. आणि तटाच्या बाहेर, काही फर्लांगांवर, तेच बौद्ध ग्रंथ दगडात उभे होते. मध्ये होता खंदक. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास वारल्या, त्याची तारही याच खंदकावरून आत आली.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळक पुण्यास पोहोचले. वह्या सरकारने काही काळ अडकवून ठेवल्या होत्या. त्या परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. वह्या आल्या म्हणून ग्रंथ राहिला. कारण जे कोटात राहिले त्याची गती निराळी झाली. ३ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी शहराचा मोठा भाग जाळला. मार्च १९४५ मध्ये हिंदी सैन्याची १९ वी डिव्हिजन टेकडी जिंकून तटाशी भिडली. आत जपानी होते. तोफा आणि विमाने यांचा मारा चालू असता सागवानी राजवाडा पेटला आणि सिंहासनांसकट भस्म झाला. टेहळणीचा बुरूज आणि टांकसाळ एवढेच उरले.

मंडालेस जाणाऱ्याने एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. जुन्या राजवाड्याचे जे जे आज पाहावयास मिळते, ते बहुतेक सारे त्यापूर्वीच कोटाबाहेर गेलेले आहे. मिंडोनने ज्या महालात प्राण सोडला, तो थिबाने उकलून तटाबाहेर हलविला आणि त्याचा मठ केला. श्वेनंडॉ नावाचा हा मठ आजही उभा आहे. त्यावरचा सोन्याचा मुलामा बहुतांशी उडाला असला, तरी दारे, भिंती आणि छपरे यांवरील लाकडाचे कोरीव काम पाहिले म्हणजे जळालेला वाडा कसा असेल, याची थोडीफार कल्पना येते. वाड्यातले एक सिंहासन कलकत्त्याच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवले होते. म्हणून ते वाचले आणि १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाला परत मिळाले. आता ते रंगूनच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात आहे. कोटाच्या मध्यभागी हल्ली जो राजवाडा दाखवितात, तो १९९० नंतरच्या दशकात लष्करी राजवटीने जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधविलेला आहे. त्यात काँक्रीट आणि पत्रा यांचा सढळ वापर आहे आणि त्या कामी सक्तीची मजुरी घेतल्याचे आरोपही झाले. लांबून तो बरा दिसतो; जवळ गेल्यावर त्याचे वय कळते. सभोवारचा बहुतेक भाग लष्कराच्या ताब्यात आहे. २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने तटाचे आणि त्यावरील मनोऱ्यांचे काही भाग पाडले. सोन्याच्या वर्खाने मढलेल्या महामुनी बुद्धाच्या देवळाचीही हानी झाली. आराकानातून १७८४ साली जिंकून आणलेली ही मूर्ती मंडालेकरांचे परमदैवत आहे.

राजाचे काय झाले? सरकारने रत्नागिरीस समुद्राकडे तोंड करून एक तीनमजली वाडा बांधून दिला. थिबा त्यात राहावयास गेला तो १९१० साली, म्हणजे टिळक मंडालेस गीतारहस्य लिहीत होते त्याच सुमारास. दोघांची भेट कधी झाली नाही. टिळक सुटून आले, थिबा सुटला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो तेथेच वारला. सुपयालत १९१९ साली रंगूनला परतली, परंतु मंडालेस राहण्याची परवानगी तिला मिळाली नाही. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीस परत आली. तिची मुलगी याच गावात वाढली, येथेच तिचा संसार झाला आणि तिची भाषा मराठी झाली.

थिबाची समाधी रत्नागिरीस आहे आणि शेजारी त्याच्या धाकट्या राणीची. २०१२ साली ब्रह्मदेशाचे अध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले. २०१६ मध्ये राजाच्या शंभराव्या पुण्यतिथीस त्याचे वंशज आणि बौद्ध भिक्षू मंडालेच्या प्रथेप्रमाणे प्रार्थना म्हणावयास समाधीपाशी जमले होते.