थंड देशात कुंडीतलं अंजीर : जात निवडताना गोडी नंतर, बहार आधी बघा

सासवड : पुरंदर तालुक्यातल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच भागातली पोरं-पोरी आता इंग्लंड, अमेरिका, कॅनडात नोकरीला आहेत. इकडं अंजिराची बाग, तिकडं बाल्कनी नाहीतर घरामागचा चार फुटांचा तुकडा. त्यामुळं फोनवर हमखास विचारणा होते, की इथं कुंडीत अंजीर येईल का आणि रोप कोणतं घेऊ?

येतं. पण आपण इथं फळाचा आकार, रंग आणि गोडी बघून कलम निवडतो, तसं तिकडं चालत नाही. जात चुकली तर झाड हिरवंगार वाढतं, फळंही धरतं, आणि ती पिकायच्या आत गारठा येतो. अंजीर कच्चं तोडून आंब्यासारखं अढीत घालता येत नाही. झाडावर पिकलं तरच ते अंजीर. नाहीतर तीन-चार वर्षं खत-पाणी करून हाती नुसता पाला.

अंजिराला फळ दोन प्रकारे लागतं. एक मागल्या वर्षीच्या जून काडीवर, दुसरं चालू वर्षाच्या नव्या फुटीवर. जुन्या काडीवरच्या फळाला तिकडं ब्रेबा म्हणतात, नव्या फुटीवरचं ते मुख्य पीक. आपल्या खट्टा आणि मीठा बहाराशी याची गल्लत करू नका. आपले बहार आपण ताण देऊन आणि छाटणी करून धरतो, तिकडं हवामानच ठरवतं. आता खरा मुद्दा असा, की 'थंड देश' म्हणजे एकच हवा नव्हे.

इंग्लंडची थंडी त्या मानानं सौम्य, पण उन्हाळा कमजोर. लंडनला ऐन जुलैत दुपारचं तापमान सरासरी २३-२४ अंश. एवढ्या उबेवर नव्या फुटीवरचं फळ बहुतेकदा पिकत नाही. तिथं भरवसा जुन्या काडीवरच्या फळाचा. शेंड्याजवळ वाटाण्याएवढी फळं हिवाळाभर तग धरतात आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात पिकतात. म्हणून पानगळीच्या सुमारास वाटाण्यापेक्षा मोठी झालेली कच्ची फळं काढून टाकायची आणि बारीक तेवढी ठेवायची. इथून सल्ला देणारे आई-वडील नेमकं इथंच चुकीचं सांगतात. आपल्याकडं छाटल्याशिवाय बहार नाही, म्हणून "छाटून टाक चांगलं" असं सांगितलं जातं. तिकडं हिवाळ्यात सगळे शेंडे छाटले तर पुढच्या वर्षीचं पीकच गेलं.

अशा हवेत 'ब्राऊन टर्की' ही जात सगळ्यांत भरवशाची. इंग्लंडात सगळ्यांत जास्त तीच दिसते. पांढऱ्या फळात 'व्हाईट मार्सेल्स' जुनी जात आहे. लंडनच्या लॅम्बेथ पॅलेसमधलं तिचं झाड सोळाव्या शतकात लावलेलं, असं परंपरेनं सांगतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल आणि त्याच्या वर कॅनडातलं व्हँकुव्हर, इथला उन्हाळाही असाच मवाळ. तिथं 'डेझर्ट किंग' चांगली, कारण तिचं जुन्या काडीवरचं फळ भरपूर येतं. मात्र झाड दांडगं होतं, लहान बाल्कनीचं ते काम नाही.

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडचं गणित उलटं. तिथं उन्हाळा चांगला तापतो, पण हिवाळ्यात पारा शून्याखाली १०-१५ अंश उतरतो आणि उघड्यावरची जुनी काडी मरते. म्हणून नव्या फुटीवर फळ देणारी आणि ते लवकर पिकवणारी जात पाहिजे. 'शिकागो हार्डी' वरून जळाली तरी बुडातून फुटते आणि त्याच वर्षी फळ धरते. 'रोंद द बोर्दो' लवकर पिकण्यासाठी नावाजलेली. 'व्हायोलेट द बोर्दो' झाडानं आटोपशीर, फळ काळपट आणि चवीला दाट. जागा कमी असेल तर माझ्या मते हीच घ्यावी. 'सेलेस्ट'चं फळ लहान, पण त्याचा डोळा, म्हणजे बुडाचं छिद्र, बंद असतं. त्यामुळं पाऊस आणि किडे आत शिरत नाहीत, फळ आंबत नाही. आपल्याकडं अवकाळी पावसात अंजीर कसं फुटतं आणि आंबतं हे ज्यानं बघितलंय, त्याला याची किंमत कळेल.

रोप घेताना नावाचा घोळ लक्षात ठेवा. अमेरिकेत 'ब्राऊन टर्की' या एकाच नावानं वेगवेगळी झाडं विकली जातात. कॅलिफोर्नियातली ब्राऊन टर्की वेगळी, इंग्लंडची वेगळी. स्मर्ना प्रकारची जात तर अजिबात नको. तिला फळ टिकवायला नर अंजीर आणि त्यात वाढणारी बारीक माशी लागते. ती माशी ना इंग्लंडात आहे ना न्यू जर्सीत. माशी नसली की कच्चं फळ गळून पडतं. याच कारणानं दुकानातल्या सुक्या अंजिराचं बी लावू नये. उगवतं जोमानं, पण निम्म्याच्या आसपास रोपं नर निघतात, आणि ते कळायलाच काही वर्षं जातात.

कुंडीचं म्हणाल तर सुरुवात १०-१२ इंची कुंडीत, मग टप्प्याटप्प्यानं १८ इंचांपर्यंत. एकदम मोठी कुंडी दिली की झाड पाल्यावर जातं. मुळ्या आवळलेल्या असल्या की फळाकडं वळतं. आपल्या मुरमाड, उथळ जमिनीत अंजीर का खुश असतं, तेच इथं समजा, पाणी साचता कामा नये. दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून कडेच्या मुळ्या छाटायच्या, नवी माती भरायची. उन्हाळ्यात मात्र कुंडी रोज पाणी मागते. एकदा सुकली की फळ गळतं. जागा दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीलगत द्यावी, दिवसाची ऊब भिंत धरून ठेवते.

हिवाळ्यात फांदीपेक्षा मुळीची काळजी मोठी. जमिनीतली मुळी झाकलेली असते, कुंडीतली चारी बाजूंनी गारठते. म्हणून कडक थंडीच्या भागात पानं गळाल्यावर कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये किंवा तळघरात न्यायची. साधारण शून्य ते सात अंशांत झाड झोपून राहतं. उजेडाची गरज नाही, पाणी तीन-चार आठवड्यांतून थोडंसं. घरात हिटरजवळ ठेवू नका, ते अवेळी फुटतं. वसंतात दंव पडायचं थांबल्यावरच बाहेर काढा आणि पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा. आतली कोवळी पानं थेट उन्हात भाजतात. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या इटालियन लोकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या झाडं चिंध्यांत गुंडाळून, काही ठिकाणी वाकवून मातीत पुरून जगवली.

राहिली आपली काडी. पूना फिगच्या दोन काड्या ओल्या कापडात गुंडाळून बॅगेत टाकून देणारे आहेत. हे करू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर काडी जप्त होते, वर दंडही बसू शकतो. काडीबरोबर मोझॅक हा विषाणू रोगही जातो, आणि तो कोणत्याही फवारणीनं जात नाही. शिवाय आपली जात निवडली गेली ती इथल्या कोरड्या हवेसाठी. तिकडं दोन-तीन महिन्यांच्या उबेत तिचं फळ पिकेल याची खात्री नाही. पोरांनी तिथल्याच नर्सरीतून, तिथंच वाढलेलं रोप घ्यावं. घेताना एकच विचारावं, की इथल्या हवेत याचं कोणतं फळ पिकतं, जुन्या काडीचं की नव्या फुटीचं. ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्याकडून रोप घेऊ नये.