पोच येईपर्यंत

पत्र पेटीत टाकले म्हणजे ते पोचले असे होत नाही. महत्त्वाच्या पत्राला पूर्वी आपण पोचपावतीचे कार्ड जोडत असू. ते सही होऊन परत आले की मगच जिवाला स्वस्थता. आज इमारतींच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, खांबाला बांधलेले पांढरे डबे दिसतात. तारेवाचून इंटरनेट दूरवर नेणाऱ्या या डब्यांचा कारभारही पोचपावतीवरच चालतो. त्यांची गोष्ट आज सांगायची आहे.

ती सुरू होते १९७१ साली, हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, आणि महाविद्यालये इतर बेटांवर विखुरलेली. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओलहरींवरून संगणक जोडायचे ठरवले. त्या जाळ्याचे नाव ‘अलोहानेट’. अडचण एवढीच, की सगळ्यांना बोलायला लहर एकच. दोघे एकदम बोलले की निरोपांची टक्कर व्हायची. यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. निरोप पाठवा. पोच आली तर उत्तम. नाही आली तर थोडे थांबा आणि पुन्हा पाठवा. मात्र किती थांबायचे, हे प्रत्येक यंत्राने चिठ्ठी उचलल्यासारखे ठरवायचे. सगळे सारखेच थांबले, तर पुन्हा एकदम बोलणार! या पद्धतीत लहरीची फार तर १८ टक्के क्षमता कामी येई, पण निरोप पोचत.

पुढे १९८५ मध्ये अमेरिकेने काही लहरी विनापरवाना वापरासाठी खुल्या केल्या. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे मानक ठरले आणि दोन वर्षांनी ‘वाय-फाय’ हे नाव आले. आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा उघड्यावरच्या वापरासाठीही परवान्यातून मोकळा केला. अटी होत्या. यंत्राची शक्ती एक वॉटपर्यंत, अँटेनाचा जोर धरून चार वॉटपर्यंत, आणि अँटेना गच्चीच्या वर पाच मीटरच्या आत. चार वॉट म्हणजे रात्रीच्या छोट्या दिव्याएवढी शक्ती. पण अँटेना तिला एकाच दिशेला वळवते, आणि मधे झाड-डोंगर नसेल तर निरोप कित्येक कोस जातो.

मात्र वाय-फाय जन्मले घरा-कचेऱ्यांसाठी. तिथे पोच यायला वेळ लागत नाही, म्हणून यंत्राला वाट पाहायची सवय नसते. लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. पंधरा किलोमीटर जाऊन परत यायला असे शंभर भाग लागतात. तेवढ्यात यंत्राचा धीर सुटतो. पोच वाटेत असतानाच निरोप हरवला असे समजून ते पुन्हा पाठवू लागते आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून उघड्यावरच्या डब्यात ‘अंतर’ भरावे लागते. समोरचा किती लांब आहे, म्हणजेच किती सब्र करायचा, हे त्याला सांगावे लागते.

तमिळनाडूतल्या थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतली नेत्रकेंद्रे अशाच डब्यांनी जोडली. खेड्यातला रुग्ण पडद्यावरून थेनीच्या डॉक्टरांशी बोलू लागला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी इथे प्रत्येक निरोपाची वेगळी पोच घेण्याऐवजी दोन्ही बाजूंनी पाळीपाळीने बोलायचे आणि पोच एकगठ्ठा द्यायची, अशी व्यवस्था बसवली. हीच पद्धत २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी दोन डोंगरांमध्ये वापरली आणि ३८२ किलोमीटरवर निरोप पोचला.

थेनीत आणि धरमशालेच्या तिबेटी वस्तीतल्या जाळ्यात खरा शत्रू मात्र अंतर नव्हता. तो होता विजेचा लहरीपणा. दाब एकदम चढला की यंत्र जळे. दाब फार उतरला की ते धड बंदही नाही आणि धड चालूही नाही, असे अडकून पडे. मग कोणीतरी जाऊन वीज काढून पुन्हा लावायची. ते होईपर्यंत रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला दुवा तुटलेला. म्हणून तिथल्या मंडळींनी दाब उतरला की वीज आपोआप तोडणारी आणि सावरला की जोडणारी स्वस्त साधने तयार केली.

इथे एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वीज काढून लावणे म्हणजे यंत्राला झोपेतून उठवणे. बहुतेक डब्यांना वीज आणि निरोप एकाच केबलमधून जातात, त्यामुळे हे काम खाली उभे राहूनही होते. रीसेट ही वेगळी गोष्ट. डब्याच्या तळाशी बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून आतले बटण साधारण दहा सेकंद दाबून धरले, की यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे होते. नाव, परवलीचा शब्द, लहरीचा क्रमांक सगळे पुसले जाते, आणि समोरचा किती लांब आहे हेही ते विसरते. अडलेला माणूस घाईत आधी टाचणी शोधतो आणि मग दुसऱ्या डोंगरावरच्या सोबत्याशी असलेली ओळखच पुसून बसतो. परवलीचा शब्दच हरवला तर टाचणीवाचून गत्यंतर नाही, पण तो शेवटचा उपाय.

डब्यावर ‘आयपी ६५’ असे लिहिलेले असते. सहाचा अर्थ धूळ आत जाणार नाही, पाचचा अर्थ पाण्याच्या फवाऱ्याने बिघडणार नाही. विसरण्यापासून वाचवणारा आकडा मात्र त्यावर नसतो. म्हणून पत्ता, लहर, अंतर, दिशा या चार गोष्टी एका वहीत लिहून ती खांबाखालच्या खोलीत टांगून ठेवावी. कधी टाचणी वापरावीच लागली, तर ज्याने डबा बसवला तो गावात नसतानाही दुसऱ्या कुणाला तो पुन्हा बोलता करता येईल.